बॅरोनेसने काय खाल्लं?

लग्नाच्या वाढदिवशी बायकोला फुलं द्यावीत, हे कॉलिन टिपेटला संसाराच्या पस्तिसाव्या वर्षी सुचलं, तेही त्याच दिवशी सकाळी साडेनऊला. (आधीची चौतीस वर्षं सुचलंच नव्हतं, त्या मानाने प्रगतीच.) पण रविवार होता, आणि ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समधल्या वारूना क्रीक गावात फुलांचं दुकान एकच. ते बंद. मात्र पाइप टाकायला कौन्सिलने उकरून ठेवलेल्या रस्त्याकडेच्या मातीवर एक झुडूप माजलं होतं, पिवळ्या, नळीसारख्या फुलांनी लगडलेलं. कॉलिनने चाकूने चार फांद्या कापल्या, कागदात गुंडाळल्या आणि घर गाठलं.

"अय्या! दुकानातून आणलीस?" नोलीन इतकी हरखली की खरं सांगणं त्याच्या जिवावर आलं.

"मागच्या आठवड्यातच सांगून ठेवली होती," तो म्हणाला.

फांद्या फुलदाणीत मावेनात, म्हणून खालची पानं खुडून त्याने खुराड्यात टाकली. खुराड्यात बॅरोनेस होती. बॅरोनेस म्हणजे नोलीनची काळीभोर कोंबडी, शेती प्रदर्शनात सलग दोन वर्षं पहिली आलेली. यंदाचं प्रदर्शन उद्यावर आलं होतं.

अकराला शेजारची बेरिल चहाला आली आणि फुलदाणीपाशीच थबकली.

"अगं नोलीन, हे तर सेस्ट्रम! कुणीतरी हौसेने परदेशातून बागेसाठी आणलं, आता जिथे माती उकरली तिथे हे हजर. जहरी असतं! माझ्या भावाच्या तीन गाई गेल्या याच्यापायी."

"काहीतरीच तुझं! दुकानातली फुलं आहेत ती. हो ना रे, कॉलिन?"

कॉलिनने कपबशी खाली ठेवली. "कोंबडीला... पाणी घालून येतो," म्हणत तो सुटला.

बॅरोनेस पानांच्या ढिगावर उभी होती. धुण्याच्या खोलीत शिरून त्याने कौन्सिलच्या तणनिरीक्षक लॉइस क्विन यांना घरी फोन लावला आणि दबक्या आवाजात झुडपाचं वर्णन केलं.

"पान चुरगाळून बघा. वास कसला येतो?"

"जळक्या रबराचा."

"सेस्ट्रमच. कुणी खाल्लंय का?"

"बॅरोनेसने. बहुतेक."

"वय काय?"

"तीन वर्षं."

"अहो, मग फोनवर काय बोलताय! पोरीला आधी हॉस्पिटलात न्या! रडतेय का?"

"नाही... पिसं साफ करतेय."

"पिसं? म्हणजे कोंबडी! थांबा, मीच येते."

कॉलिन वळला. दारात नोलीन उभी, तिच्या खांद्यावरून बेरिल डोकावतेय. नोलीन ओरडली असती तर बरं झालं असतं. ती हळूच म्हणाली, "पानं गोळा कर. एकूण एक."

लॉइसबाई दहा मिनिटांत पोचल्या. टेबलावर फांद्या मांडून प्रत्येक खुडलेल्या देठाशी एकेक पान जुळवणं सुरू झालं. बॅरोनेस कपड्यांच्या टोपलीतून बघत होती. एकेचाळीस देठ. चाळीस पानं शाबूत. एकेचाळिसावं अर्धंच होतं.

नोलीनने टोपली छातीशी धरली.

लॉइसबाईंनी चष्मा पुसला, ते अर्धं पान उजेडात धरलं आणि म्हणाल्या, "ही चोच नाही. हे दात आहेत."

सगळे कॉलिनकडे वळले. आता कुठे त्याला आठवलं. चाकू मिटताना एक फांदी त्याने दातांत धरली होती. काहीतरी कडूजहर लागलंही होतं.

"थुंकलास की गिळलंस?" नोलीन किंचाळली.

"थुंकलो. बहुतेक."

विषबाधेच्या हेल्पलाइनवरच्या बाईंनी चुळा भरायला लावलं आणि सहापर्यंत नजर ठेवायला सांगितलं. मग स्वयंपाकघरात टोपलीत बॅरोनेस आणि खुर्चीत कॉलिन. नोलीन दर अर्ध्या तासाने आधी कोंबडीचा तुरा चाचपायची, मग नवऱ्याचं कपाळ. पण कपाळावर तिचा हात जरा जास्त वेळ राहायचा, आणि तो हात गार पडलेला असायचा.

सहा वाजले. दोघंही ठणठणीत. हेल्पलाइनवरून पुन्हा फोन आला.

"मिस्टर टिपेटमध्ये काही वेगळी लक्षणं दिसतायत का?"

नोलीनने नवऱ्याला आपादमस्तक न्याहाळलं.

"डोकं चालत नाही, विचारलेल्याला धड उत्तर देत नाही, आणि थापा मारतो," ती म्हणाली. "पण हे सगळं झुडपाच्या आधीपासूनचंच आहे."