शेरा : केक दिला

"केक म्हणजे काय गं एवढं! मैदा, अंडी, लोणी, ओव्हन. चार रकाने! एकोणीस वर्षं मी रोज सतरा रकान्यांचा अर्ज भरून घेतोय, तोही रडणाऱ्या माणसाकडून. केक तर रडतसुद्धा नाही!"

रविवारी जेवताना चारनंबरने ही घोषणा केली, तेव्हा त्याच्या बायकोने ताटातून मान वर केली. एवढंही त्या घरात पुष्कळ होतं! लग्न नवं होतं तेव्हा ती रोज हौसेने विचारायची, "आज ऑफिसात काय झालं?" आणि हा गृहस्थ खरं सांगायचा. "एक आजोबा, न्यूमोनिया. एक बाई, पंचेचाळीस वर्षांची, जिन्यावरून पडून." महिनाभरात तिने विचारणं सोडलं. तेव्हापासून दोघं जेवताना भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत. घड्याळही बिचारं अवघडून दहा मिनिटं मागे राहायचं.

चारनंबर हे काही त्याचं नाव नव्हे. नोंदणी कार्यालयात चार खिडक्या होत्या. पहिलीवर जन्म, दुसरीवर लग्न, तिसरीची काच फुटल्यापासून ती बंद, आणि चौथीवर मृत्यू. चौथीवर हा. जन्माच्या खिडकीवर लोक हसत येत, बाईंना चॉकलेटं देत, बाळाचे फोटो दाखवत. चौथ्या खिडकीवर फोटो येत तेही पासपोर्ट आकाराचे, आणि ते दाखवताना कोणी हसत नसे.

आता जन्मवाल्या बाई दोन महिन्यांनी निवृत्त होणार होत्या. तेवढ्यात कार्यालयप्रमुख म्हणून आलेल्या नव्या मॅडम कसलंसं प्रशिक्षण घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "आपल्या ऑफिसात फार मरगळ आहे!" मरगळीवर त्यांनी उपाय काढला तो असा : आठ आठवडे, दर सोमवारी प्रत्येकाने घरी स्वतःच्या हाताने भाजलेला केक आणायचा. सात आठवडे सराव, आठव्याला निकाल. ज्याचा केक सरस, त्याने हवी ती खिडकी निवडायची!

चारनंबरला रात्रंदिवस पहिली खिडकी दिसू लागली. जेवताना बायकोला सांगायचं, "आज जुळं झालं. दोन्ही मुली. वजन चांगलं आहे." एवढंच त्याला हवं होतं. माणसाने आयुष्यात आणखी मागावं तरी काय?

सासूबाईंची जुनी वही त्याने पुढे ओढली. बायको मदतीला उठली, तर त्याने हात वर केला. "स्वतःच्या हाताने, असा नियम आहे. तू बाहेर बस!"

वहीत लिहिलं होतं : साखर अंदाजाने.

"अंदाजाने?" तो स्वयंपाकघरातून ओरडला. "अंदाजाने आम्ही मृत्यूची वेळसुद्धा लिहीत नाही!"

"अहो, म्हणजे वाटीभर..."

"लेखी आहे का?"

लेखी नव्हतं. ज्या रकान्याबद्दल खात्री नाही तिथे आडवी रेघ मारायची, हा चारनंबरचा नेम. त्याने साखरेपुढे रेघ मारली. पुढे लिहिलं होतं : तांबूस होईपर्यंत भाजणे. तांबूस झाला की नाही याची खात्री करण्यासाठी त्याने आणखी वीस मिनिटं दिली.

सोमवारी लग्नवाल्याने लोण्याची गुलाबं काढलेला केक आणला. हा लग्नवाला म्हणजे दुसऱ्या खिडकीवरचा तरणा कारकून. केसांना रोज तेल आणि जिभेला रोज साखर. मॅडमनी त्याला दहापैकी नऊ दिले. मग चारनंबरचा तुकडा तोंडात घातला. पाणी प्यायल्या. पुन्हा प्यायल्या.

"दोन," त्या म्हणाल्या. "एक मेहनतीचा आणि एक... पाण्याबरोबर गेला म्हणून."

लग्नवाला म्हणाला, "काका, हा केक आहे की अर्जाची दुसरी प्रत?" सगळं ऑफिस खो खो हसलं. मरगळ गेली म्हणायची! चारनंबरने डबा उचलला आणि आपल्या खिडकीखाली पायाशी ठेवला. त्याला फार वाईट वाटलं. खोटं कशाला सांगा, डोळ्यांत पाणी आलं होतं. पण चौथ्या खिडकीवर त्याची कोणाला नवलाई नाही.

दुपारी एक म्हातारा आला. बायको गेली होती. तिसरी खेप होती त्याची. दर वेळी एखादा कागद राहायचा. आज सगळे होते, पण सही करताना हात इतका थरथरला की पेन पडलं.

"जेवलात का?" चारनंबरने विचारलं. असा प्रश्न अर्जात नव्हता. कसा कोण जाणे, तोंडातून निघून गेला.

"परवापासून नाही. घरी सगळे काहीतरी गोडधोड पुढे करतात आणि म्हणतात, खा. तिच्या मागे गोड कसं उतरेल हो घशाखाली?"

चारनंबरने डबा उघडला आणि एक तुकडा खिडकीतून सरकवला. म्हाताऱ्याने तो खाल्ला. सावकाश, शेवटच्या कणापर्यंत.

"हा बरा आहे," तो म्हणाला. "हा खाता येतो."

इथवर सगळं ठीक होतं. पण खिडकीतून बाहेर गेलेल्या प्रत्येक वस्तूची नोंद करायची, ही एकोणीस वर्षांची सवय! त्याने म्हाताऱ्याला द्यायची पोचपावती पुढे ओढली आणि शेऱ्याच्या रकान्यात सुवाच्य अक्षरात लिहिलं : केक दिला. खाली सही, शिक्का, तारीख.

रांगेत मागे उभ्या जाड्या गृहस्थाने मान लांब करून ते वाचलं.

"अहो साहेब, माझ्या पावतीवर शेरा कोराच आहे!"

"तुम्हाला केक दिलेला नाही."

"मग द्या ना! पुढे कोणी अडवलं तर मी कुठे धावू?"

म्हणणं रास्त होतं. चारनंबरने केक दिला, शेरा लिहिला. त्याच्या मागच्या बाईंनी तो वाचला. चार वाजेपर्यंत डबा रिकामा!

त्या दिवशी जेवताना बायकोची नजर ओट्यावरच्या रिकाम्या डब्यावर गेली.

"संपला?"

"संपला."

"कोणी खाल्ला?"

किती वर्षांनी तिने काही विचारलं होतं! चारनंबरने म्हाताऱ्याचं सांगितलं, थरथरत्या हाताचं सांगितलं. ती ऐकत राहिली. भाजी निवून गेली, तरी ती ऐकत होती.

पुढच्या आठवड्यात पेन्शन कार्यालयाने एका विधवा बाईंना परत पाठवलं. तिथल्या कारकुनाने दोन पावत्या शेजारी शेजारी ठेवल्या होत्या. एकीवर 'केक दिला', दुसरीवर काहीच नाही. त्याने लाल शाईने लिहिलं : शेरा अपूर्ण, पूर्तता करून आणणे.

झालं! आधीच्या महिन्यातली माणसंसुद्धा पूर्ततेसाठी येऊ लागली. चौथ्या खिडकीची रांग दरवाज्याबाहेर गेली. एकाने केकसाठी तीन प्रतींत अर्ज आणला. एक बाई म्हणाल्या, "मृत माझे सासरे, पण केक नवऱ्याला लागेल की मला?" एक जण तर वारसांमध्ये वाद असल्याने केकचे समान पाच भाग करून घेऊन गेला. चारनंबर आता रोज पहाटे उठून एक बिनसाखरेचा केक भाजू लागला. साखर घालायची त्याची छाती होत नव्हती. लोकांना मिळाला तसाच मिळायला हवा, नाहीतर कालच्याने तक्रार केली असती!

मॅडमनी कपाळाला हात लावला. "हे काय करून ठेवलंत! मी वर कळवते. आता वरूनच काय ते मार्गदर्शन येऊ दे."

वर कळवलंय म्हटल्यावर चारनंबरची झोप उडाली. आता खिडकी तर जाईलच, नोकरीही जाईल! आठव्या आठवड्याच्या रविवारी तो मैद्यापुढे नुसता बसून राहिला. मग बायको आपणहून आत आली आणि स्टूल ओढून बसली.

"मी हात लावत नाही. नुसतं सांगते. साखर वाटीभर."

"लेखी..."

तिने पेन घेतलं, आईच्या वहीत 'अंदाजाने' खोडलं आणि 'एक वाटी' लिहिलं. खाडाखोडीवर सहीही केली! चारनंबर तिच्याकडे बघतच राहिला.

तो केक फुगला. खरंच फुगला! सोनेरी, हलका, आणि वास असा की शेजारची बाई काय आहे म्हणून विचारायला आली. सोमवारी मॅडमनी एक तुकडा खाल्ला, दुसरा मागून घेतला, आणि त्या दिवशी लग्नवाल्याची गुलाबं कोणी विचारली नाहीत.

"दहा!" मॅडम म्हणाल्या. "खिडकी तुमची!"

उरलेला केक घेऊन चारनंबर शेवटचा दिवस म्हणून आपल्या खिडकीवर बसला. समोर तोच म्हातारा; जादा प्रती घ्यायला आला होता. चारनंबरने मोठ्या हौसेने सोनेरी तुकडा सरकवला.

म्हाताऱ्याने एक घास घेतला आणि तुकडा हलकेच परत ठेवला.

"छान आहे. पण हा नको हो. तो नेहमीचा नाही का?"

त्याच्या मागच्यानेही परत केला. त्याच्या मागचीनेही. घरी गोड खा गोड खा म्हणणारे पुष्कळ होते. इथे कोणी गोडासाठी आलंच नव्हतं. चारनंबरने खाली वाकून पहाटेचा डबा काढला.

चार वाजता मॅडम पाकीट घेऊन आल्या. वरून मार्गदर्शन आलं होतं. त्यांनी ते हळू आवाजात वाचलं.

"'खिडकी क्रमांक चारवरील केकबाबत नागरिकांची चौतीस पत्रे प्राप्त झाली असून एकही तक्रार नाही. सबब सदर सेवा नियमित करण्यात येत आहे. अर्जात अठरावा रकाना वाढवावा. संबंधित कर्मचाऱ्यास निवृत्तीपर्यंत खिडकी क्रमांक चारवरून हलवू नये.'" त्यांनी चष्मा काढला. "मी काय करू, सांगा? स्पर्धा तुम्हीच जिंकलात. खिडकी मात्र... दुसरा नंबर लग्नवाल्याचा आहे."

लग्नवाला तेवढ्यात पहिल्या खिडकीची काच पुसून मोकळाही झाला होता.

घरी येऊन चारनंबरने कागद बायकोपुढे ठेवला. तिने तो दोनदा वाचला. दोघं जेवायला बसले. निवृत्तीला अकरा वर्षं होती. अकरा वर्षं, आणि त्यात एकही जुळं नाही! घास फिरत होता, उतरत नव्हता. इतकं हरल्यासारखं त्याला कधीच वाटलं नव्हतं, आणि तेही पहिला येऊन!

"आज कोण कोण आलं होतं?" बायकोने विचारलं.

त्याने मान वर केली. ती घड्याळाकडे नव्हे, त्याच्याकडे बघत होती. मग त्याने सांगितलं. म्हाताऱ्याचं सांगितलं, परत आलेल्या तुकड्यांचं सांगितलं. एका मुलीचं सांगितलं. तिने वडिलांचं नाव लिहिताना शेवटचं अक्षर लिहायला फार वेळ लावला, आणि मागची अख्खी रांग गप्प उभी राहिली. सांगता सांगता ताट रिकामं झालं.

बायको उठली. तिने खिडकी लावून घेतली, पहाटेसाठी ओट्यावर मैदा काढून ठेवला, आणि साखरेचा डबा न उघडता मागे सरकवला.

"उद्यापासून थंडी वाढणार म्हणतात," ती म्हणाली. "रांगही वाढेल. दोन केक लावा."