सबनीसकाका टोपी घालत नाहीत

सूचनेची पाटी दिसली की सबनीसकाका आधी ती नीट वाचतात आणि मग तिच्याविरुद्ध वागतात. बेहालातल्या आमच्या इमारतीच्या गच्चीवर ‘येथे बसू नये’ असं कुणीतरी लिहिलं. दुसऱ्या दिवशी काका तिथे खुर्ची टाकून हजर. “का बसू नये, ते कुठे लिहिलंय? कारण न देणाऱ्याचं मी ऐकत नाही.” खिदिरपूरच्या गोदीत त्यांनी हयातभर वरिष्ठांना हेच ऐकवलं. निवृत्तीच्या दिवशी भाषणं फार लवकर आटोपली म्हणतात.

ते पाळत एकच हुकूम, काकूंचा. तोही भांडून. इथे थंडीची नुसती अफवा उठली तरी हे बंगाली शहर माकडटोप्या चढवतं. काका मात्र बोडक्याने फाटकापर्यंत जायचे आणि तिसऱ्या मजल्यावरून हाक यायची.

“अहो, टोपी!”

“नाही घालत!”

“घाला म्हणते ना!”

“का?”

“मी सांगते म्हणून!”

हे कारण काकांना पुरायचं. टोपी खिशातच असायची.

तीन आठवड्यांपूर्वी काकूंना अर्धांगाचा झटका आला आणि वाचा गेली. बागबाजारच्या नर्सिंग होममध्ये त्यांची खोली नदीकडे होती. डॉक्टर म्हणाले, “बोलतील कदाचित. तुम्ही बोलत राहा.” काका रोज जाऊन बोलत. काकू खिडकीतून नदी बघत.

डिसेंबरात उपसागरातून एक वादळ येऊन गेलं, दुसरं संध्याकाळी येणार होतं. मधल्या सकाळी काकांचा फोन. “अहो बँकवाले, घाटावर या. दोर धरायला माणूस हवा.” बागबाजारच्या घाटावर त्यांची शिडाची छोटी होडी असते. मला पोहता येत नाही, हे मी नम्रपणे सांगितलं. “पोहायचं कुठे आहे? बसायचंय.”

घाटावर खडूने ‘होड्या बंद’ लिहिलं होतं. काकांनी ते नीट वाचलं. रखवालदार अडवायला धावत आला. “दादा, आज जाबेन ना!”

“कारण?”

त्याने दक्षिणेकडच्या काळ्या ढगांकडे बोट केलं.

“ते संध्याकाळचं कारण आहे. आत्ता अकरा वाजलेत.”

दोन्ही काठांवर नदी गढूळ फुगली होती. शीड फाडकन उघडलं, माझ्या हाताला दोराचा काच बसला आणि मी आयुर्विम्याचा हप्ता आठवू लागलो. वारा बोचरा होता. काका सुकाणू धरून उभे, पांढरे केस उडताहेत, कान लाल.

“काका, टोपी तरी घाला.”

“तुमचा काय संबंध?”

नर्सिंग होमसमोर त्यांनी होडी वळवली. दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत खुर्ची होती, खुर्चीत काकू. आम्ही पुढे गेलो, वळलो, परत आलो. एकदा, दोनदा. थेंब पडू लागले. मी म्हटलं, आता परतू. काकांनी तिसऱ्यांदा होडी वळवली आणि खिडकीकडे बघून उगाचच डोक्यावरून हात फिरवला.

तेवढ्यात माझा फोन वाजला. काकूंच्या खोलीतल्या आयाबाई होत्या, घाबऱ्याघुबऱ्या; काकूंना त्या मासीमा म्हणत. “मासीमा काहीतरी सांगतायत, मला कळत नाही, ऐका.” मी आवाज मोठा केला.

आधी नुसती घरघर. मग वाकडा, ओला, पण संतापलेला एक शब्द.

“तो... पी!”

काकांचं सुकाणू सुटलं. होडी गर्रकन कलली, मी फळीला मिठी मारली. त्यांनी पुन्हा सुकाणू पकडलं आणि फोनच्या दिशेने गरजले, “नाही घालत!”

“घा... घाला!”

“का?”

पलीकडे पुन्हा घरघर सुरू झाली. पाऊस आता सरळ तोंडावर येत होता. रखवालदार काठावरून दोन्ही हात हलवत होता. काकांच्या खिशातून टोपीचं टोक बाहेर आलं होतं. मी ती ओढून त्यांच्या डोक्यावर चढवायला गेलो, तसा त्यांनी माझा हात झटकला.

“थांबा हो. अजून बोलतेय ती.”