नाना घाडी संपावर आहेत

गेल्या श्रावणातल्या एका सोमवारी संध्याकाळी नाना घाडींनी मोबाइलवरच्या कॅरममध्ये संप पुकारला. मागणी एकच होती : गटातून काढून टाकलेल्या 'काजूवाला' नावाच्या खेळाडूला बिनशर्त परत घ्या. संपात सामील झालेला माणूसही एकच होता. स्वतः नाना.

यावरून काजूवाला हा नानांचा जिवलग असावा असं कुणाला वाटेल. वस्तुस्थिती अशी, की नाना त्या माणसाला रोज संध्याकाळी फितूर, दलबदलू आणि मालकाचा पोपट म्हणत असत. मी त्याचा साक्षीदार आहे. डिलाईल रोडवरच्या आमच्या चाळीत नाना माझ्या शेजारच्या खोलीत राहतात. मधली भिंत आवाजापुरती नाही म्हटली तरी चालेल.

नाना गिरणीत साचे चालवत. म्हणजे मागावर कापड विणत. साचेखात्यात सगळे माग एकदम धडधडत, तेव्हा शेजारच्याला काही सांगायचं तर ओरडावं लागे. गिरणी बंद पडली, आवाज खाली आला नाही. नाना मोबाइलवर बोलू लागले की मधे मोबाइल कशाला, असा प्रश्न चाळीला पडतो.

गिरण्यांचा मोठा संप संपला, हे नानांना मान्य नाही. मी वर्तमानपत्रात नोकरी केली, त्या काळातलं काही वाचून दाखवायला गेलो की नाना हात पुढे करतात. "मागे कोणी घेतला? कुठल्या सभेत? कागद दाखव." कागद माझ्याकडे नाही. त्यामुळे नाना अजून संपावर आहेत. बँकेत एकदा काउंटरवरच्या मुलीने त्यांना व्यवसाय विचारला.

"संपावर."

"आजोबा, सध्या काय करता?"

"सध्याचंच सांगतोय बाय."

त्यांच्या गिरणीच्या जागेवर आता टॉवर आहे. टॉवरच्या पायथ्याशी एक हॉटेल आहे आणि हॉटेलच्या भिंतीवर शोभेसाठी लाकडी धोटे टांगले आहेत. धोटा म्हणजे मागावर आडवा धागा इकडून तिकडे नेणारा, होडीच्या आकाराचा तुकडा. नात पहिल्या पगाराचं जेवण द्यायला नानांना तिथे घेऊन गेली. नानांनी मेन्यू कार्ड उघडलं नाही. त्यांनी मॅनेजरला बोलावलं.

"हा धोटा इथे, मग त्याचा कामगार कुठाय?"

मॅनेजर तरुण होता. म्हणाला, "सर, हे व्हिंटेज आहे."

"मी पण व्हिंटेज आहे. लटकव मला पण. बघू किती गिऱ्हाईक येतं ते."

नात म्हणाली, "नाना, हळू बोला ना." नाना म्हणाले, हळूच बोलतोय. दोघं न जेवता बाहेर आली आणि लालबागला जाऊन मिसळ खाल्ली. नानांच्या मते त्या संध्याकाळी त्यांनी हॉटेलवर बहिष्कार टाकला. हॉटेल चालू आहे.

याच नातीने नानांचं डोकं कुठेतरी गुंतावं म्हणून त्यांच्या मोबाइलवर कॅरम घालून दिला. त्यातच 'गिरणगाव कॅरम कट्टा' नावाचा गट होता. गट माहीमच्या सिद्धेश नावाच्या संगणकवाल्या मुलाने काढलेला. दोघं खेळतात, बाकीचे बघतात, आणि खेळणारे-बघणारे सगळे एकमेकांशी बोलू शकतात. खेळाडूने टोपणनाव घ्यायचं असतं. नानांनी घेतलं : गेट नंबर दोन. गिरणीच्या ज्या गेटवर त्यांनी संपात दिवस काढले ते गेट.

कट्ट्याचा नियम होता, राजकारण नको. तो कोणी पाळत नसे, आणि नानांनी तर तो वाचलाही नव्हता. राणी म्हणजे त्यांच्या मते मुख्यमंत्र्याची खुर्ची. "राणी उचललीस म्हणून नाचू नको. कव्हर कुठाय? कव्हर नसेल तर सरकार पडलं." पांढरी सोंगटी चुकून काळ्याने घेतली की ते "पक्षांतर!" म्हणून ओरडत. फुटलेल्या पक्षांवर त्यांचा विशेष राग. "पूर्वी पक्षाला चिन्ह असायचं. आता चिन्हाला पक्ष मिळतो. उद्या माझा माग मला न विचारता शेजारच्याच्या नावावर करतील!"

या सगळ्याला उत्तर द्यायला एकच माणूस होता. काजूवाला. तो कोकणातून खेळायचा. बोलायचा नाही, फक्त लिहायचा. त्याचं राजकारण सोपं होतं : वारा येईल तिकडे सूप धरायचं. नवं सरकार आलं की दुसऱ्या दिवशी तो त्याचा समर्थक असे. नानांनी गिरण्यांच्या जमिनी कोणी खाल्ल्या यावर भाषण सुरू केलं, की तो शांतपणे लिही : "जमीन खाल्ली ती खाल्ली. टॉवर झाले म्हणून तर गेटला मोबाइलची रेंज मिळते." नाना भडकत. "मालकाचा पोपट! पेरू मिळाला वाटतं आज?" तो लिही, "पेरू नाय, काजू. गेटला पाठवू?" नाना म्हणत, "फितुराचं मी पाणी पीत नाही." तो लिही, "मग सुके खा." कट्ट्यावरचे लोक खेळ सोडून हे वाचायला येत.

श्रावण लागला आणि बिघडलं. नानांनी म्हटलं, गिरणी कामगारांना घरं देतो म्हणणाऱ्या प्रत्येक पुढाऱ्याला त्या घरांच्या सोडतीच्या डब्यात घालून हलवला पाहिजे. काजूवाल्याने लिहिलं : "गेटला आता घर नको, हारच लागेल. पुढारी तो लगेच देतील." दादरला राहणाऱ्या एक शिक्षिकाबाई कट्ट्यावर 'दादर क्वीन' नावाने खेळतात. त्यांना हे सहन झालं नाही. एका ज्येष्ठ नागरिकाच्या मरणावर विनोद झाला, आणि तोही राजकारणातून, अशी त्यांनी सिद्धेशकडे तक्रार केली. सिद्धेशने काजूवाल्याला काढून टाकलं आणि खाली लिहिलं : गेट नंबर दोन आजोबांचा मान राखणं ही आपल्या सगळ्यांची जबाबदारी आहे.

नानांनी ते वाचलं. मग चाळीने ऐकलं.

"माझा मान राखायला तुला सांगितलं कोणी? माझा दुश्मन आहे तो! मी बघीन काय करायचं ते. तू कोण मधे येऊन माझा माणूस काढणारा? अर्ज दिला होता मी? कागद दाखव!"

सिद्धेश बिचारा म्हणाला, "आजोबा, ते तुम्हाला मेलात म्हणाले."

"मग? मी काय अमर आहे?"

दुसऱ्या दिवशी संप.

इथे नानांची पद्धत सांगायला हवी, कारण कट्ट्याला ती कळली नाही. राग आला तर माणूस खेळ सोडून जातो. नाना गेले नाहीत. त्यांच्या हिशेबी निघून जाणं हा राजीनामा, आणि राजीनामा मालकाला हवाच असतो. संप म्हणजे गेटवर हजर राहायचं आणि कामाला हात लावायचा नाही. म्हणून नाना रोज संध्याकाळी ठरल्या वेळी कट्ट्यावर येत, बोर्डावर बसत, मोबाइल स्टुलावर उभा करत आणि त्याच्यासमोर हाताची घडी घालत. खेळी करायला दिलेली वेळ संपे. पाळी समोरच्याकडे जाई. समोरचा निवांत सगळ्या सोंगट्या घेऊन टाके. मधूनमधून नाना मोबाइलला उद्देशून घोषणा देत : "काजूवाला परत घ्या!" आणि ती घोषणा उचलणारं कोणी नसल्याने "परत घ्या, परत घ्या!" हेही स्वतःच म्हणत.

संपाने मालकाचं नुकसान व्हायला हवं. इथे खेळाच्या मालकाला पत्ताच नव्हता. उलट नानांसमोर बसायला रांग लागली, कारण फुकटचा विजय मिळत होता. ज्यांना स्ट्रायकर सरळ मारता येत नव्हता ते वरच्या वर्गात गेले. नाना अगदी तळाला, नवशिक्यांत आले. मी म्हटलं, "नाना, यात फक्त तुमचंच नुकसान होतंय."

नानांनी माझ्याकडे पाहिलं. "पेपरवाल्या, तेव्हा पण तुम्ही हेच छापलं होतं."

मी विषय बदलला. रोज ज्याला शिव्या देता त्याच्यासाठी संप का, असं विचारलं.

"शिव्या द्यायला समोर माणूस लागतो की नको?"

आतून नानांची बायको, म्हणजे आमच्या काकू, म्हणाल्या, "सांगा ना खरं काय ते."

नाना उठून बाहेर गॅलरीत गेले. काकूंनी खाटेखालून एक कॅरम बोर्ड ओढून काढला. जुना, जड, चांगल्या लाकडाचा. त्यावर पापड वाळत होते.

"ह्याच्यावर दोघे खेळायचे," काकू म्हणाल्या. "हे आणि पांडू. साचे शेजारी, खोल्या शेजारी. तुम्ही आता राहता ना, तीच पांडूची खोली. जोडीने खेळायचे. लालबाग-परळात त्या जोडीला कोण हरवायचं नाही. मग संप लांबला. पांडूच्या घरी आजारपण होतं. एक दिवस तो गेट नंबर दोनमधून आत कामाला गेला. हे तिथेच उभे होते."

"मग?"

"मग काय. गेटातून आत गेला त्याच्याशी बोलायचं नाही, अशी शपथ घेतलेली सगळ्यांनी. बाकीच्यांनी सोडली. ह्यांनी नाही. एका गॅलरीत राहून, एका नळावर पाणी भरून ह्यांनी त्याचं तोंड बघितलं नाही. शेवटी तो खोली विकून गावी गेला. निघताना दारात येऊन उभा राहिला. हे भिंतीकडे तोंड करून बसले. बोर्डाला त्यानंतर हात लावला नाही. मी पापड घालते."

"आणि काजूवाला?"

काकूंनी बोर्डावरचे पापड उलटे केले. "पांडू ब्रेक घ्यायला स्ट्रायकर कायम डाव्या टोकाला न्यायचा. पार कडेला. तसा कोण नेत नाही, तिथून सोंगट्या फुटत नाहीत नीट. ह्या मोबाइलमध्ये पहिल्याच दिवशी त्या काजूवाल्याने स्ट्रायकर डावीकडे नेला. हे जेवत होते. घास तसाच राहिला."

गॅलरीतून नानांचा आवाज आला. "पांड्याशी मी बोलत नाही. शपथ म्हणजे शपथ. काजूवाला कोण, मला माहीत नाही. त्याच्याशी बोलतो."

काकू माझ्याकडे बघून हळू आवाजात म्हणाल्या, "त्याची बायको आणि मी सणाला फोनवर बोलतो. आमचा काय संप नव्हता."

बातमी दोन्ही बाजूंनी तपासायची, ही माझी नोकरीतली सवय. काकूंकडून पांडूच्या घरचा नंबर घेतला आणि फोन केला. फोन उचलणारा माणूसही ओरडूनच बोलत होता. मी माझं नाव सांगितलं, मी कुठल्या खोलीत राहतो ते सांगितलं, आणि गेट नंबर दोन कोण आहे हे त्यांना ठाऊक आहे का, असं विचारलं.



"माका ठावक नाय," ते म्हणाले. "आणि तुम्ही पण सांगू नकात." मग म्हणाले, "त्या गेटाचा आवाज बरो आसा ना? मी लिवतंय, तो बोलता. आयकाक बरा वाटता."

तुम्ही का बोलत नाही, असं मी विचारलं.

"माझो आवाज तो वळकतलो. मग खेळाचो नाय."

संप फुटला तो दादर क्वीनमुळे. नानांच्या घडी घातलेल्या हातांसमोर सर्वांत जास्त वेळा त्याच बसल्या होत्या, आणि त्या कट्ट्यावर पहिल्या आल्या. अभिनंदनाऐवजी टोमणे सुरू झाले. "बाई बिनविरोध निवडून आल्या." "समोरचा उमेदवार होता, प्रचाराला आला नाही." "डिपॉझिट पण नाही घेतलं हो त्याचं." बाई शाळेत चाळीस मुलं गप्प करणाऱ्या. त्यांनी भर कट्ट्यावर नानांना सुनावलं.

"आजोबा, खेळा नीट! मला असला विजय नकोय."

"मागणी मान्य करा, खेळतो."

"अहो, मी तुमच्यासाठीच तक्रार केली होती!"

"बाई, माझ्यासाठी आजवर पुष्कळ लोकांनी पुष्कळ काय काय केलं. त्याचे टॉवर झाले."

बाईंनी तक्रार मागे घेतली. सिद्धेशने काजूवाल्याला परत घेतलं आणि तसं नानांना कळवलं. नाना म्हणाले, "तोंडी नको." सिद्धेशने मग कट्ट्यावर सगळ्यांना दिसेल असं लिहिलं : गेट नंबर दोन यांची मागणी बिनशर्त मान्य. नानांनी ते नातीकडून मोठ्याने वाचून घेतलं. दोनदा. त्या वेळी काकूंनी खाटेखालच्या बोर्डावरचे पापड डब्यात भरले आणि बोर्ड ओल्या फडक्याने पुसला. नानांनी तो पाहिला. काकूंनी बोर्ड भिंतीला टेकवून उभा केला.

संध्याकाळी काजूवाला आला. नानांनी मोबाइल हातात घेतला.

"आला फितूर!"

"आलंय," त्याने लिहिलं. "सरकार कोणाचा हा सध्या?"

"तुला काय करायचंय? असेल त्याचा तू!"

"म्हणान विचारलंय."

दादर क्वीन बघायला बसल्या होत्या. पहिला ब्रेक काजूवाल्याचा होता. त्याने स्ट्रायकर डाव्या टोकाला नेला, पार कडेला, आणि मारला. सोंगट्या नीट फुटल्या नाहीत. पाळी नानांकडे आली. नानांनी वेळ संपायच्या आत खेळी केली.