सौरबंबातल्या उबेची चोरी

"नागपुरात डोकी पुष्कळ, पण चालणारं एकच," असं प्रा. दत्तोपंत स्वतःविषयी सांगत. ते विद्यापीठात तर्कशास्त्र शिकवत आणि फावल्या वेळात, म्हणजे बहुधा तासाच्या वेळीच, गुप्तहेरगिरी करत. आजवर एकही गुन्हेगार त्यांच्या हातून निसटला नव्हता, कारण एकही हाती लागला नव्हता. रुपराव त्यांचा बिनपगारी सहायक. पगार त्याला सौरबंब योजनेतल्या हंगामी नोकरीचा मिळे, आणि चौऱ्याऐंशीच्या डिसेंबरात तीच धोक्यात आली.

मे महिन्यात मुलांच्या वसतिगृहावर सौरबंब बसला होता. ऊन फुकट, कोळसा वाचणार, खर्च तीन वर्षांत वसूल, असा अर्थशास्त्र विभागाचा हिशेब. उन्हाळाभर पाणी असं उकळलं की अंगावर घ्यायची कोणाची छाती नव्हती. थंडी पडली आणि नळाला गारढोण पाणी. कोळशाचा जुना बंब पुन्हा पेटला. विद्यापीठ आता सूर्यावरही खर्च करत होतं आणि कोळशावरही. शनिवारी समिती येणार होती. पाणी गार निघालं की योजना बंद आणि रुपराव घरी.

पाण्यातली ऊब कोणीतरी चोरतंय असं ठरवून दत्तोपंतांनी आधी कोळशाच्या ठेकेदाराला पकडलं. तो महिनाभर दवाखान्यात पडून होता, हे कळल्यावर त्यांनी अर्थशास्त्र विभागावर पाळत ठेवली. तिथे काहीच घडत नाही, एवढंच सिद्ध झालं. शेवटी त्यांची नजर चौकीदार नत्थूजींवर गेली.

"त्याचा चेहरा बघ. इतकी तुकतुकी गरम पाण्याशिवाय येत नाही."

कार्यालयानं नत्थूजींना कामावरून थांबवलं. ते शिट्टी टेबलावर ठेवून निघाले. रुपरावला घास गेला नाही.

त्याची बायको पुष्पलता मात्र वैतागली होती वेगळ्याच कारणानं. काच ऊन ओढते असं ऐकून तिनं मुगाच्या वड्या सौरबंबावर वाळत घातल्या होत्या.

"अवो, तुमच्या काचेवर तर सावलीच हाय. वड्या वाळूनच नाही राहिल्या. तिचं तोंड उत्तरेले काहून केलं?"

रुपराव धावत गच्चीवर गेला. उद्घाटनाचा मांडव उत्तरेच्या फाटकाशी होता, आणि पाहुण्यांना काचा दिसाव्यात म्हणून त्या तिकडे वळवल्या होत्या. मे महिन्यात सूर्य डोक्यावर होता, म्हणून निभावलं. हिवाळ्यात तो दक्षिणेला कलला, काचांच्या पाठीमागे.

त्याच दुपारी काचा फिरवल्या. शनिवारी समितीच्या अध्यक्षांचं बोट भाजलं आणि योजना मंजूर झाली. "आरोपी सूर्य. दक्षिणेकडे पसार झाला होता, मी शोधून काढला," असं दत्तोपंतांनी सगळ्यांना सांगितलं.

रुपरावनं नत्थूजींना परत बोलावून आणलं आणि त्यांच्यापुढे गरम पाण्याची बादली ठेवली.

"नको गा," नत्थूजी शिट्टी गळ्यात अडकवत म्हणाले. "मी जन्मभर विहिरीच्याच पाण्यानं आंघोळ केली. गरम पाण्यानं मले सुस्ती येते."

दत्तोपंतांनी मग ती बादली पुरावा म्हणून जप्त केली, आणि न्हाणीघराचं दार आतून लावून घेतलं.