मंदाताईंची पंगतीतली चौकशी

मंदाताई लग्नाच्या पंगतीत माणसाची विचारपूस लघवीपासून सुरू करायच्या. "भाऊ, बिडी ओढता ना? मग लघवीतून रक्त तर नाही जात?" समोरच्याचा वरणभाताचा घास हातातच राहायचा.

ताई माझ्या शेजारी. चिखलीच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. मूत्राशयाच्या कॅन्सरमधल्या एका प्रोटीनवर उतारवयात पीएचडी केली आणि तेव्हापासून त्या प्रोटीनने गावाची पाठ सोडली नाही. गणपतीची आरती संपली की ताईंच्या हातात माइक. "हे प्रोटीन म्हंजे घराची वीट नाही. पेशींच्या मधात बसते अन् त्यायचे कान भरते. कुठं गाठीले आवरते, कुठं तिलेच म्हनते, चाल, दुसऱ्या गावाले जाऊ!"

"म्हंजे आपले नगरसेवक!" मागून कोणीतरी ओरडलं. जिमवाल्या पोरांनी विचारलं, दुधात किती चमचे घालायचं? पुढच्या वर्षी मंडळाने आरती संपताच माइकची वायर काढून ठेवली.

उंद्री गावच्या एका साखरपुड्यात तर नवरदेवाचे मामा, वामनराव, ताईंच्या त्याच प्रश्नावर ताटावरून उठलेच. "चारचौघात काय इचारता बाई? लाज हाय का नाही?"

त्यानंतर ताईंना आमंत्रणं येईनाशी झाली. "बरं झालं," त्या म्हणायच्या, "मले तसंही गोड चालत नाही."

एका दुपारी मी त्यांच्याकडे पेपर वाचत बसलो होतो. दारात वामनराव. एकटेच.

"ताई, दोनदा लाल झाली होती. दुखलं नाही, म्हनून बोललो नाही. घरी पोरीच्या लग्नाची गडबड हाय, तिकडं सांगू नका."

आता प्रोटीन येणार, म्हणून मी सावरून बसलो. ताईंनी विचारलं, "जेवले का?"

दुसऱ्या सकाळी आम्ही तिघं एसटीने संभाजीनगरला निघालो. वामनरावांचा डोळा लागल्यावर मी विचारलं, "ताई, यांना काहीच समजावलं नाही?"

"भ्यालेल्या माणसाले प्रोटीन काऊन सांगू?"

दुर्बिणीने तपासलं. गाठ लहान होती, आतल्या अस्तरातच. काढून टाकता आली. पुढे तपासण्या मात्र चुकवायच्या नाहीत, असं डॉक्टरांनी बजावलं.

मग नर्स बाहेर आली. "पेशंट शुद्धीवर आलेत. तुम्ही त्यांच्या कोण?"

शेजारी, ओळखीच्या, काय सांगावं, मी जुळवत होतो. ताई उठल्या.

"बहीण."

दाराशी थबकल्या, पदर नीट केला आणि हळूच म्हणाल्या, "मोठी."