सूनबाईंचा बिघडलेला लंबक

सूनबाईंनी दिवाणखान्यात उभा केलेला लंबक बिघडलेला आहे, याबद्दल सासऱ्यांच्या मनात पहिल्या दिवसापासून तिळमात्र शंका नव्हती.

सासऱ्यांचं सगळं आयुष्य कारखान्याच्या देखभाल विभागात गेलं होतं. तिथे त्यांना ‘पानेसाहेब’ म्हणत, कारण खिशात एक वेळ रुमाल नसेल, पण पाना असायचाच. जगात जे काही खडखडतं ते आवळावं, हा त्यांचा धर्म. निवृत्तीनंतर त्यांनी तो घरात चालू ठेवला होता. घरातली एकही खुर्ची करकरत नसे, एकही नळ ठिबकत नसे. साखरेच्या बरणीचं झाकण उघडायला मात्र सासूबाईंना त्यांनाच हाक मारावी लागे.

आणि अशा घरात हा लंबक! लाकडी चौकटीला एक ॲल्युमिनियमची पट्टी टांगलेली, तिच्या खालच्या टोकाला बेअरिंग, आणि त्या बेअरिंगला आणखी एक पट्टी. सोडला, की वरची पट्टी जरा माणसासारखी वागे. खालची मात्र कोलांटी मारी, काहीतरी आठवल्यासारखी अधांतरी थबके, उलटी फिरे, आणि पुन्हा भलतीकडेच निघून जाई.

“सूनबाई, मधला सांधा ढिला राहिलाय,” सासरे म्हणाले.

“ढिलाच हवाय, बाबा. दुहेरी लंबक असाच असतो.”

“असाच म्हणजे? मघाशी डावीकडे फिरला, आत्ता उजवीकडे. एकदा काय ते ठरवायला नको का त्याने?”

“त्याचं काही सांगता येत नाही, तेच तर दाखवायचंय.”

पोरगी बिचारी झाकपाक करतेय, हे सासऱ्यांनी ओळखलं. सूनबाई कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत आणि सासऱ्यांना त्यांचं कोण कौतुक! आपल्या मुलापेक्षा ही मुलगी हुशार आहे हे त्यांनी लग्न ठरतानाच ताडलं होतं, आणि मुलालाही तसं सांगून ठेवलं होतं. म्हणून तर जीव तुटत होता. भौतिकशास्त्राला मुलं येईनाशी झाली होती. कॉलेजच्या प्रदर्शनात या विभागाकडे गर्दी झाली नाही, तर प्रयोगशाळेची खोली व्यायामशाळेला द्यायची, असं प्राचार्यांनी स्पष्ट सांगितलं होतं. इतकं सगळं पणाला लागलेलं, आणि सूनबाई निघाल्या होत्या हा ढिला लंबक घेऊन!

प्रदर्शनाच्या आदल्या दुपारी सूनबाई कॉलेजात होत्या. सासूबाई जरा आडव्या झाल्या होत्या. ड्रिलच्या आवाजाने त्या धडपडत बाहेर आल्या.

“अहो! हात लावू नका म्हणाली होती ना ती?”

“हात कुठे लावतोय? ड्रिल लावतोय.”

दोन्ही पट्ट्यांतून आरपार भोक, त्यात बोल्ट, दोन्ही बाजूंना वॉशर, वर नट, आणि नट हादऱ्याने सुटू नये म्हणून कारखान्यात वापरायचा तो पक्का गोंद. सासऱ्यांनी लंबक सोडला. डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे. काय तो डौल! त्यांचे डोळे भरून आले. मग त्यांनी तो चादरीत गुंडाळला, दोरीने आवळून बांधला आणि दाराशी ठेवला.

सूनबाई टेम्पो घेऊन आल्या तेव्हा ते गाठोडं पाहून त्यांना भरून आलं. “बाबा, किती करता तुम्ही माझ्यासाठी!”

“अजून कळेल,” सासरे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सभागृहात सासरे पहिल्या रांगेत बसले होते. सोबत फिरायला जाण्याच्या मंडळातले सगळे मित्र. “यंत्र सूनबाईंचं, मी फक्त शेवटचा हात फिरवलाय,” असं त्यांनी प्रत्येकाला वेगवेगळं सांगितलं होतं. मागे थोडी मुलं होती, तीही बाहेर ऊन होतं म्हणून. व्यायामाचे मास्तर शेजारच्या प्रयोगशाळेत टेप लावून भिंती मोजत होते.

“हा लंबक निसर्गाचा एकही नियम मोडत नाही,” सूनबाईंनी सुरुवात केली. “तरीही तो पुढे कुठे जाईल, हे आपल्यापैकी कुणालाही सांगता येणार नाही. प्राचार्यसाहेबांनासुद्धा नाही. मी आता पट्टी वर नेऊन सोडते. तिसऱ्या झोक्याला खालचं टोक कुठल्या बाजूला असेल? बोट दाखवा.”

सगळ्यांनी बोटं दाखवली. सूनबाईंनी लंबक सोडला.

डावीकडून उजवीकडे. उजवीकडून डावीकडे. तिसऱ्या झोक्याला टोक नेमकं जिथे सगळ्यांची बोटं होती तिथे. अख्खं सभागृह बरोबर आलं. चहा घेऊन आलेला कँटीनवालासुद्धा.

मुलं खिदळली. प्राचार्यांनी घड्याळात पाहिलं. पहिल्या रांगेने मात्र टाळ्यांचा कडकडाट केला.

सूनबाईंनी लंबक थांबवला, वाकून सांधा पाहिला, आणि त्यांना तो बोल्ट दिसला. दोन्ही बाजूंना वॉशर. इतक्या नेटकेपणाने वॉशर लावणारा त्यांच्या ओळखीचा जगात एकच माणूस होता. त्यांनी वर पाहिलं. सासरे मित्रांच्या मधोमध बसून, कसं सरळ केलं बघ, अशा आनंदाने त्यांच्याकडे पाहत होते.

एका वाक्यात सगळं सांगून मोकळं होता आलं असतं. सूनबाईंनी एक श्वास घेतला.

“हा झाला शहाणा लंबक,” त्या हसून म्हणाल्या. “सांधा जखडला की असं वागावं लागतं. आता त्याला मोकळं करू. त्यासाठी देखभालीतले एक तज्ज्ञ मुद्दाम आलेत. बाबा, वर या.”

सासरे कॉलर नीट करत वर गेले.

“तो बोल्ट काढा,” सूनबाई कुजबुजल्या.

“काढू? अगं, आत्ता कुठे सरळ चाललाय!”

“म्हणूनच काढायचा.”

सासऱ्यांनी सुनेच्या तोंडाकडे पाहिलं. मग लंबकाकडे. मग समोर बसलेल्या मुलांकडे. “म्हणजे तो खरंच तसाच...?”

“हो, बाबा.”

सासऱ्यांनी खिशातून पाना काढला आणि नटाला लावला. नट हलेना. आयुष्यभर ज्या कामाची ख्याती, तेच काम आता समोर दात विचकत उभं. त्यांनी चौकटीला पाय लावून जोर केला, तशी चौकटच फिरली आणि त्यांनी नटाऐवजी स्वतःभोवतीच एक गिरकी घेतली. हशा उसळला. तो ऐकून बाहेरची मुलं आत डोकावू लागली.

“कोणी आवळलाय हो हा?” मागून कुणीतरी ओरडलं.

“एका मूर्खाने,” सासरे मान वर न करता म्हणाले.

आता सभागृह डोक्यावर घेतलं गेलं. एव्हाना इतर विभागांची टेबलं ओस पडली होती. सूनबाई मात्र शांत होत्या. रसायनशास्त्राच्या टेबलावरचा स्पिरिटचा दिवा त्यांनी उचलून आणला. “गोंद तापला की मऊ पडतो,” त्या म्हणाल्या आणि ज्योत नटाखाली धरली. मंचावर आग दिसताच उरलीसुरली मंडळीही धावत आली. नटाने एकदा कुरकुर केली, तो सुटला, आणि सासऱ्यांनी बोल्ट ओढून काढला.

निवलेली पट्टी सूनबाईंनी वर नेली. “पुन्हा बोटं दाखवा.”

लंबक सुटला. एक झोका सरळ गेला, आणि खालची पट्टी जी उधळली! गिरकी, थबकणं, उलटी गिरकी, भिंगरी. बोटं हवेतच राहिली. एकाचंही बरोबर आलं नाही. सूनबाईंनी चौकटीवरच्या खुणेला टोक लावून पुन्हा सोडलं. सुरुवातीला पट्टी हुबेहूब मघासारखी फिरली, आणि मग जणू मन बदललं तशी तिसऱ्याच वाटेने गेली.

“खूण तीच आहे,” सूनबाई सांगत होत्या, “पण माझ्या हातून केसाएवढा फरक राहतोच. तो केस बघता बघता एवढा मोठा होतो. याला म्हणतात केऑस.”

मुलं पुढे घुसली. “मॅडम, मी सोडू?” “मॅडम, मी!” व्यायामाचे मास्तर टेप गळ्यात तसाच ठेवून रांगेत उभे राहिले. सासऱ्यांनी चौकटीच्या मागे, खाली, सगळीकडे हात घालून पाहिलं. कुठे मोटर नव्हती. मग ते तिथेच उभे राहिले आणि तोंड उघडं टाकून पट्टीकडे पाहत राहिले. हे सुंदर आहे, असं त्यांना मनापासून वाटलं. आणि हे आपल्या घरात, आपल्या दिवाणखान्यात इतके दिवस चाललं होतं!

गर्दीतून वाट काढत प्राचार्य आले.

“मॅडम, कमाल केलीत! आधी फजिती, मग हे गृहस्थ, मग तो दिवा! खोलीचा विषय संपला. पण तालीम किती दिवस चालली होती हो?”

सूनबाईंनी तोंड उघडायच्या आत सासरे म्हणाले, “पंधरा दिवस.”

“वाटलंच. इतका खरा मूर्ख माणूस रंगवणं सोपं नाही.”

“नाहीच,” सासरे म्हणाले.

“दुपारी संस्थेचे अध्यक्ष येतायत. त्यांच्यासमोर पुन्हा करा. अगदी हुबेहूब असंच.”

सासऱ्यांनी पाना खिशात ठेवला आणि नकारार्थी मान हलवली. “हुबेहूब जमायचं नाही, साहेब. किती का खूण धरून सोडा, पुन्हा तसंच होत नाही. शास्त्रच आहे ते.”

आणि बरोबर सांगितलं ना, अशा नजरेने त्यांनी हळूच सूनबाईंकडे पाहिलं.