हिरव्या शाईतला खुनी

प्रांजलने पुस्तक डायनिंग टेबलावर असं आपटलं, की निवडून ठेवलेली मेथी फरशीवर गेली.

"दुमडलेलं पान उघडा, मावशी. आत्ता."

रुचिरा दामलेने हात पुसले आणि 'निळं कुलूप' उघडलं. डॉक्टर पहिल्यांदा बंगल्यात पाऊल टाकतो त्या ओळीशेजारी, समासात, हिरव्या शाईने ठसठशीत लिहिलं होतं: 'खुनी हाच.' खाली दोन रेघा.

"तुम्हीच म्हणाला होतात ना, शेवटच्या पानापर्यंत कळणार नाही? मला तिसऱ्याच प्रकरणात कळलं! क्लासची टेस्ट बुडवून वाचत होते मी!"

"टेस्ट बुडवून?"

"तो मुद्दा नाहीये!"

रुचिराने बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. डॉक्टर खुनी नव्हता. पण तसं सांगितलं, की संशयितांपैकी एक कमी झाला आणि तितकं पुस्तक वाया गेलं. ज्याला पुस्तक सुचवलं त्याला शेवटाचा वाससुद्धा लागू द्यायचा नाही, हा तिचा नियम होता.

"पुढे वाच," ती एवढंच म्हणाली.

"कशाला? कळलं ना कोण ते!"

"मी सांगते म्हणून."

"आईपण असंच म्हणते," असं फणकारून नववीतली प्रांजल निघून गेली. दार तिने एवढ्या जोरात लावलं, की समोरच्या फ्लॅटचंही उघडलं.

खांदा कॉलनीतल्या अमरवेल सोसायटीच्या ऑफिसात एक लोखंडी कपाट होतं आणि त्यात रुचिराने जमवलेली पुस्तकं होती. रहस्यकथा, भयकथा, साहसकथा, अंतराळातल्या लढाया. आत्मचरित्र एकही नाही, यशाचा मंत्र एकही नाही. रुचिरा तळोज्याला औषधांच्या कारखान्यात नमुने तपासायची. सोसायटीत टँकरचं पाणी आलं, की आधी एक बाटली तिच्याकडे जायची. तिने चिठ्ठीवर 'ठीक' लिहून खाली सही केली, की मगच मंडळी माठ भरायची. पुस्तकंही ती अशीच, माणूस तपासून द्यायची. "अंधाराची भीती वाटते का? किती पानं धीर धरता? शेवटी लग्न झालेलं चालेल का?" असं विचारून झालं, की एकच पुस्तक काढून हातात ठेवायची. तिचा नेम सहसा चुकत नसे. बँकेतून निवृत्त झालेल्या कमलाकर काकांना तिने बँकेवरच्या दरोड्याची कादंबरी दिली होती. काका ती जेवताना वाचायचे आणि दरोडेखोरांच्या चुका काढायचे.

कपाटाला शत्रू एकच होता, सेक्रेटरी निनाद.

"मॅडम, ऑफिसात पार्सलचं रॅक ठेवायचंय," तो महिनाभर म्हणत होता. "वॉचमनच्या खुर्चीवर पार्सलं, टेबलावर पार्सलं. आणि हे कपाट बघा! बरं, ज्ञान वाढेल असं काही असतं तर गोष्ट वेगळी. खून, भुतं, मारामाऱ्या... मुलांनी हे कशाला वाचायचं?"

"मजा येते म्हणून."

"बस? मजा?"

"तुम्ही क्रिकेट कशासाठी बघता?"

या प्रश्नावर निनादने विषय रविवारच्या सभेत घ्यायचं ठरवलं. लोक वाचत असतील तर कपाट राहील, नसतील तर भंगारात जाईल. रुचिराने शांतपणे मान हलवली. तिला खात्री होती. पुस्तकं हातोहात फिरत होती.

आणि नेमक्या त्याच आठवड्यात हिरवी शाई उगवली.

प्रांजलनंतर कमलाकर काका आले. पुस्तक त्यांनी आपटलं नाही, बँकेत खोटी नोट धरावी तसं दोन बोटांत धरून आणलं. "हे बघा. 'मॅनेजर सामील हाय.' ही काय पद्धत झाली? मी त्या मॅनेजरवर विश्वास ठेवला होता!"

मॅनेजर सामील नव्हता. रुचिराने ओठ घट्ट मिटले.

"बोला ना काहीतरी!"

"पुढे वाचा, काका."

"मी तक्रार करणार," काका म्हणाले आणि त्यांनी केली. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यांनी अत्यंत कडक भाषेत लिहिलं, की 'निळं कुलूप' या पुस्तकात डॉक्टर खुनी असल्याचं आणि दरोड्याच्या पुस्तकात मॅनेजर सामील असल्याचं कोणीतरी आधीच फोडलं आहे, याचा जाहीर निषेध.

त्यावर बी विंगमधल्या अथर्वचा लगेच मेसेज आला. 'काका, मी निळं कुलूप उद्या घेणार होतो. थँक्यू हं.' मग इंद्रजीतचा: 'दरोड्याच्या पुस्तकाला माझ्या बायकोने नंबर लावला होता. आता ती माझ्यावर चिडलीय. माझा काय संबंध?' काकांनी उत्तर दिलं, की मी निषेध केला आहे, रहस्य फोडलेलं नाही. त्यावर चौदा जणांनी हसणारे चेहरे टाकले. काका ग्रुपमधून बाहेर पडले, मग आपला निषेध कोणी वाचला ते बघायला परत आत आले.

शनिवारपर्यंत लिफ्टमध्येही भांडणं झाली. चौथ्या मजल्यावरची भाविका 'तळघरातली पावलं' परत करायला आली ती तणतणतच. "रुचिराताई, घाबरायचं म्हणून घेतलं होतं हो! पहिल्याच पानावर लिहिलंय, 'भूत नाय, चुलता हाय.' आता चुलत्याला कोण घाबरणार?"

चुलताही नव्हता. परत आलेल्या पुस्तकांनी कपाट भरत चाललं, तसा रुचिराचा राग चढत गेला. तिला आरडाओरडा करता येत नसे. राग आला, की ती भांडी घासलेली असली तरी पुन्हा घासायची. त्या संध्याकाळी कुकर तिसऱ्यांदा घासताना तिने विचार केला.

लिहिणाऱ्याची सगळी नावं चुकीची होती. पुस्तक पुरतं वाचलेला माणूस चुकीचं नाव लिहिणार नाही. म्हणजे हे लिहिणारा पुस्तकं वाचत नाही, फक्त नासवतो. त्याला कपाट रिकामं नको आहे, भरलेलं हवं आहे, न वाचलेल्या पुस्तकांनी भरलेलं. आणि अमरवेल सोसायटीत हिरव्या शाईचं पेन एकाच माणसाकडे होतं. मोठे साहेब हिरव्या शाईने सही करतात असं कुठेतरी ऐकल्यापासून सेक्रेटरी निनाद गळक्या नळाच्या नोटिशीवरही हिरवी सही करत असे.

रुचिराने कुकर ठेवून दिला. तिला नमुना सापडला होता.

रविवारी पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या. आकाशात विमानाची घरघर झाली की सभा थांबायची, आणि विमान गेलं की सगळे एकदम बोलायचे. निनादने ऑफिसातले फोटो फोनवर दाखवले. "बघा, कपाट गच्च. म्हणजे कोणी वाचत नाही. मी तेच सांगत होतो."

"कोणी वाचत नाही, कारण तुम्ही वाचू देत नाही," रुचिरा उठून उभी राहिली. तिचा आवाज इतका थंड होता, की कमलाकर काकांनी मफलर नीट केला. "हे अक्षर बघा. ही शाई बघा. आणि तुमच्या खिशातलं पेन काढा."

पार्किंगमध्ये कुजबुज झाली. "निनाद, तू?" काका कडाडले. "मॅनेजरचं नाव तू लिहिलंस?"

निनाद लालबुंद झाला. "मी? मी पुस्तकात लिहिलं? काका, मी आयुष्यात एक पुस्तक पुरं वाचलेलं नाही! शाळेची गाईडंसुद्धा अर्धी वाचली! कोणालाही विचारा!"

"मी साक्ष देते," त्याची आई मागून म्हणाली.

"माझं पेन तर आठवडाभर सापडतच नाहीये!" निनाद ओरडला. "इज्जतीचा प्रश्न आहे हा! मॅडम, माफी मागा!"

"मागू नकोस गो रुचिरा," मागच्या रांगेतून आवाज आला. "आनि तू बस रे खाली, नाचू नकोस. पेन माझ्याकडं हाय."

भामा मावशी उठल्या. अमरवेल ज्या जमिनीवर उभी होती ती कधीकाळी त्यांच्या सासऱ्यांची भातखाचरं होती. मुलगा निकेश आता उलव्याला टॉवर बांधत होता आणि मावशी चौथ्या मजल्यावरून सोसायटीवर राज्य करत होत्या. भाविका त्यांची सून. पुस्तकं सुनेच्या नावाने वर जायची आणि आधी सासू वाचायची, हे सुनेलाही ठाऊक नव्हतं. तिने तोंडावर हात ठेवला.

"मीच लिवलंय," मावशी म्हणाल्या. "मंग? चोरी केली काय? मना कळला खुनी, मी लिवला. दुसऱ्याचा येळ वाचावा म्हनून."

"वेळ वाचावा?" प्रांजल किंचाळली. "आजी, वेळ घालवायलाच वाचतात!"

"तू टेस्ट दे आदी."

"मावशी, तुम्ही पुस्तक पुरं वाचता का?" रुचिराने विचारलं. तिचे हात घासायला भांडं शोधत होते.

"पुरा कशाला वाचू? मानूस दारातून आला, की मना कळतो. साठ वर्सं मानसं बघते मी. तो डॉक्टर आला तवा पायपुसन्याला पाय पन पुसले नाय त्यानं. तवाच मी बोलली, ह्योच. लिवला, पुस्तक मिटला, झोपली."

"पण तो—" रुचिरा म्हणाली आणि थांबली.

"पन काय? चूक असंल तर सांग ना सगल्यांसमोर. मॅडम हायस ना? गप का? मंग बरोबरच हाय माझं!"

मावशींनी विजयाने सभेकडे पाहिलं. निनादने संधी साधली. "ठीक आहे. पेन सापडलं, प्रश्न मिटला. सगळ्या पुस्तकांचे शेवट फुटलेत, आता ठेवून उपयोग काय? कपाट हलवायच्या बाजूने हात वर करा."

हात वर जायला लागले. काकांचा गेला. भाविकाचा गेला. प्रांजलचा, रुचिराकडे न बघता, अर्धा गेला. एवढी वर्षं जपलेला रुचिराचा नियम त्या अर्ध्या हातापाशी मोडला.

"एकही बरोबर नाही!" ती ओरडली. पार्किंगमधल्या एका गाडीचा अलार्म वाजायला लागला, तो बहुधा योगायोग असावा. "एकही नाही, मावशी! डॉक्टर नाही, मॅनेजर नाही, चुलता तर नाहीच नाही! प्रत्येक पुस्तकात तुम्ही चुकलात! दारातून आलेल्या एकाही माणसाला तुम्ही ओळखलं नाहीत!"

अलार्म बंद झाला. सगळे हात हवेतच राहिले.

"मॅनेजर नाही?" कमलाकर काका हळूच म्हणाले. "मग तिजोरीची दुसरी किल्ली कोणाकडे होती?"

"चुलता नाही, तर मग पावलं..." भाविका म्हणाली आणि तिने चक्क शहारून घेतलं.

प्रांजल सगळ्यांच्या आधी उठली. ऑफिसच्या दिशेने ती पळाली, तिच्यामागे अथर्व, त्याच्यामागे इंद्रजीतची बायको. काका पळत नव्हते, पण कोणाला पुढेही जाऊ देत नव्हते. "दरोडा माझा आहे! माझा अर्धा झालाय!" असं ते ओरडत होते. कपाटाच्या दाराशी झालेल्या ओढाताणीत 'तळघरातली पावलं'चं कव्हर फाटलं. निनाद मोकळ्या खुर्च्यांसमोर "कोरम! कोरम!" म्हणत उभा राहिला.

भामा मावशी मात्र जागच्या हलल्या नाहीत. त्यांनी रुचिराकडे एकदाच पाहिलं. "सगल्यांसमोर बोललीस," त्या म्हणाल्या. "लक्षात ठेवीन." आणि निनादचं पेन कमरेला खोचून लिफ्टकडे गेल्या.

कपाट राहिलं. इतकंच नाही, पुढच्या सभेने नवीन पुस्तकं घ्यायला मंजुरी दिली. रुचिराने स्वतः निवडली. त्यातलं एक तिनेही अजून वाचलं नव्हतं, 'मिठागरातली सावली'. ते आधी आपण वाचायचं, असं तिने ठरवलं होतं. पण गठ्ठा सोडायच्या आत भाविका आली.

"ताई, आई म्हणाल्या, जमीन आमची, पहिलं पुस्तक आमचं."

पुस्तक दोनच दिवसांत परत आलं. रुचिराने सुट्टीच्या दुपारी चहा करून घेतला, पाय वर घेतले आणि सुरुवात केली. मुकादमाचा मेहुणा मिठागरावर येतो त्या ओळीशेजारी हिरवी शाई होतीच. 'खुनी मेहुणा.'

चिडायचं सोडून रुचिरा हसली. मावशींचा आजवरचा प्रत्येक अंदाज चुकला होता. मेहुणा नाही, एवढं तर नक्की झालं. तिने मनातल्या मनात मेहुण्यावर काट मारली आणि उरलेल्यांकडे लक्ष दिलं. विधवेवर तिचा संशय गेला, मग होडीवाल्यावर. मेहुणा रक्ताळलेला सदरा धुताना दिसला तेव्हा तिने ते पान भरभर उलटलं. लेखक दिशाभूल करतोय हे तिला स्पष्ट दिसत होतं.

शेवटच्या पानावर पोलिसांनी मेहुण्याला बेड्या घातल्या. खाली हिरव्या शाईत ओळ होती: 'या टायमाला शेवट आदी वाचला. रुचिरा, बघ.'

चहा कधीच गार झाला होता. रुचिराने फोन उचलला.

"मावशी!"

"काय गो, आला ना बरोबर?" पलीकडून मावशींचा आवाज आनंदाने फुटत होता. "मंग? सगल्यांसमोर सांगशील आता? ग्रुपवर टाकशील?"

रुचिराने फोन ठेवला आणि तेवढ्यात बेल वाजली. दारात प्रांजल उभी होती, हात पुढे करून. "झालं ना मावशी? द्या. परीक्षा संपली. खरंच संपली."

"थांब दोन मिनिटं."

ती आत गेली. खोडावं तर शाई पक्की. पांढरा रंग लावावा, तर झाकलेलं खरंच असणार हे पोरीला लगेच कळेल. पान फाडणं तिला जमणार नव्हतं. एक अख्खं पुस्तक, एक शाळकरी मुलगी आणि तिच्यामागे रांगेत असलेली अख्खी अमरवेल, आणि मध्ये दोन हिरवे शब्द. शेवटचं पान तिने तसंच ठेवलं. तिथवर पोचणाऱ्याचं आता कोणी काही बिघडवू शकणार नव्हतं.

रुचिराने आपलं निळं पेन काढलं. मेहुण्याच्या ओळीखाली, पाण्याच्या चिठ्ठीवर लिहायची त्याच नेटक्या अक्षरात तिने लिहिलं, 'चूक.' आणि खाली सही केली.

प्रांजलने दारातच पुस्तकाची सुरुवात चाळली, हिरवं सापडलं, निळं सापडलं. तिचा चेहरा उजळला. "आजी परत चुकल्या! म्हणजे मेहुणा बाद."

"मी काही बोलले नाही."

"बोलायला कशाला पाहिजे? तुमची सही आहे ना!" प्रांजल जिन्याकडे पळता पळता म्हणाली.

रुचिराने दार लावलं आणि धुतलेला कुकर घासायला घेतला.